पुनरुत्थान दोनदा

३ जून

ती. दादास,
धाकटीचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं उत्तर नाही म्हणून हे माझं तिसरं पत्र. वहिनीला जाऊन सात महिने झाले. तू दुकान बंद करून बसलायस आणि पाळकसाहेबांनी कळवलं की चर्चची पायरीही चढत नाहीस. जगाची फाटकी पुस्तकं शिवणारा बाइंडर तू, आणि स्वतःच असा उसवून बसलास! इथे वॉर्डात मी वीस रोगी सांभाळते. तू माझा एकविसावा. देवावर रागावलायस तर खुशाल रागाव, पण त्याच्या घरी जाऊन रागाव. घरात बसून गाल फुगवल्यानं काय होणार? चेष्टा करतेय खरी, पण मला तुझी फार काळजी वाटते रे.

डोक्यावर हात आहे तो राहू दे.
तुझी,
धाकटी

१४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा एकविसावा रोगी काल चर्चमध्ये जाऊन आला. लगेच हुरळून जाऊ नकोस. शेजारचे हेडमास्तर वारले, म्हणून जावंच लागलं.

गीतांची ती चाळीस नवी पुस्तकं आठवतात ना? आजारपणात उशीला टेकून तुझ्या वहिनीनं शिवलेली. ती गेल्यावर मी नुसते पुठ्ठे चढवून चर्चला देऊन टाकली. एरवी एकूण एक फर्मा, सोळा-सोळा पानांची प्रत्येक घडी, क्रमानं लागलाय का, हे बघितल्याशिवाय मी खळीला हात लावत नाही. पण तिची शिवण बघवेना. तर काल पाळकसाहेब म्हणाले, गीत एकशे बारा. सगळे पानं चाळताहेत, एकशे बारा कुठेच नाही! अंत्यविधीच्या गीतांचा अख्खा फर्मा गायब, आणि त्या जागी पुनरुत्थानाच्या गीतांचा फर्मा दुसऱ्यांदा. छापखान्यानं तो दुप्पट पाठवला होता खरा. सात महिन्यांत मंडळीत कोणी वारलं नाही, म्हणून कुणाला पत्ताच नाही.

शेवटी पुढच्या बाकावरच्या त्या खणखणीत आवाजाच्या भोंगाबाईंना दम निघेना. समोर उघडलं होतं तेच पुनरुत्थानाचं गीत त्यांनी सुरू केलं, तेही टाळ्या वाजवत. पियानोवाला आधी गडबडला, मग त्यानंही ठेका धरला. हेडमास्तरीणबाई तर सगळ्यांत मोठ्यानं गायल्या. ज्या हेडमास्तरांसमोर उभ्या जन्मात कुणी शिंकलं नाही, त्यांना निरोप टाळ्यांचा! मला हसू आवरेना. मान खाली घातली, तर मागचे लोक रडतोय समजून पाठीवर हात फिरवू लागले. आणि काय सांगू, त्या हातांनी खरंच रडू फुटलं.

तीस वर्षांत तिचा एक फर्मा इकडचा तिकडे झाला नाही, आणि शेवटी ही नामुष्की. पाळकसाहेब पुस्तकं परत पाठवताहेत, आता दुकान उघडणं आलं.

जपून राहा, आठवण ठेव.
दादा

२१ जून

ती. दादास,
सलाम. वि. वि.

पत्र वॉर्डात मोठ्यानं वाचलं आणि फसले. टाके घातलेले रोगी पोटं धरून हसले, डॉक्टरांनी माझीच खरडपट्टी काढली. पण वहिनी आणि चूक? अरे, माझ्या बाळंतपणात तिनं दुपट्यांवरसुद्धा नंबर घालून दिले होते! मग ते चाळीस फर्मे गेले कुठे? तिचं शिवणाचं खोकं तू उघडलं नसशीलच. आता उघड. प्रार्थना करून उघड, आणि ती जमत नाही म्हणू नकोस. देवा, जरा इथे बस, एवढं म्हटलं तरी पुरतं.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
धाकटी

५ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उघडलं. तुझी प्रार्थनाही म्हटली, लाजत लाजत. चाळीसच्या चाळीस फर्मे दोऱ्यानं बांधलेले, वर चिठ्ठी. लिहिलंय की, अहो, हे तेवढे तुम्ही शिवा, माझ्या हातून होत नाहीत. तोवर जागा रिकामी नको म्हणून पुनरुत्थान दोनदा घातलंय. तपासल्याशिवाय तुम्ही पुठ्ठा लावत नाही, तेव्हा सापडेलच. आणि मी गाढव, त्याच वेळी तपासलं नाही! तिला कळलं होतं ग, की तिच्यासाठीच म्हटली जाणारी गीतं ती शिवतेय. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी सुई ओवली.

पाळकसाहेबांचं म्हणणं, जादाचा फर्मा काढून टाका. मी म्हटलं, बाइंडर मी आहे. अंत्यविधीची गीतं त्यांच्या जागी शिवली आणि तिनं घातलेला फर्मा लगेच त्यांच्यामागे राहू दिला. ते डोकं खाजवत राहिले, मग चष्मा पुसू लागले.

देवाशी भांडण मिटलं असं नाही, पण बोलणं सुरू झालंय. रविवारी उपासना सुटल्यावर मागच्या बाकावर थांबलो आणि तिच्यासाठी एकशे बारा म्हटलं. आवाज फाटला, शेवटचं कडवं अर्धंच राहिलं. मग पानं उलटून तिच्या फर्म्यावर आलो, आणि पुनरुत्थानाचं गीत पूर्ण म्हटलं.

दुकान उघडंच आहे. सुट्टी मिळाली की ये.
तुझा,
दादा