पहिल्या गुंडाळीचा धागा

तीर्थरूप आईस,
काथ्याने खरखरीत झालेल्या तुझ्या हातांना आधी नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा खोकला गेला का? धाकटी औषध आणून देते ना?

इथे आम्ही पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला रस्त्याकडेने चर खणतोय. तळाला काथ्याची जाळी, वर खडी, मग गवत. माल तपासून सही करायचं काम माझं. जाळीच्या गुंडाळ्या आल्या तेव्हा तू शिकवलंस तसा पहिलीतला धागा जाळला. राख झाली, अस्सल काथ्या. दुसरीला हात घातला तर ठेकेदार म्हणाला, "बाई, सगळ्या जाळणार, की आम्हाला पसरायला काही ठेवणार?" माणसं हसली. मीही हसले आणि सही केली.

बाकीच्या गुंडाळ्या काथ्याच्या रंगाच्या प्लास्टिकच्या होत्या. त्या गाळाने बुजल्या, पाणी मुरलंच नाही. परवाच्या पावसात ते शेजारच्या तळघरात शिरलं. तिथला म्हातारा शिंपी बुडून गेला. माझा निळा कुर्ता त्यानेच शिवला होता.

चर उकरल्यावर मी तिथला धागा जाळला. त्याचा काळा थेंब झाला.

उद्या चौकशी आहे. ठेकेदार म्हणतो, "सगळ्या तपासल्या म्हणा, दोघंही सुटू." मी खरं तेच सांगणार आहे. नोकरी बहुतेक जाईल. धाकटीला एवढ्यात सांगू नकोस.

दोर वळायला बसण्याआधी तू प्रत्येक जुडीतला धागा जाळायचीस. मी कंटाळून म्हणायचे, "एक बघितलास ना, पुरे की." तू पुढची जुडी ओढायचीस.

तुझी,
थोरली