उजळलेला गळा

कोन, भिवंडी
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम. इकडे सगळे ठीक. समोरच्या गोदामावर आणखी एक मजला चढलाय, त्यामुळे आपल्याकडे दुपारीच संध्याकाळ होते. फुकटची सोय.

"ताई, बाळ झालं, मेघालीच्या मदतीला नाशिकला कधी येतेस?" असं तू सारखं विचारतोस आणि मी शाळेचं ऑडिट, गुडघा, रिक्षांचा संप अशी कारणं पुरवते. गुडघा ठणठणीत आहे. मला टीबी झाला होता. औषधं दिवाळीआधी संपली, थुंकी साफ आली. दाजींनी गल्लीभर "हिला ॲसिडिटी" अशी जाहिरात केली होती, म्हणून तुलाही कळलं नाही.

मग मुंबईच्या एका हॉस्पिटलात टीबीतून उठलेल्यांवर डॉक्टरांचा अभ्यास चाललाय, त्यात नाव दिलं. किंचित किरणोत्सारी साखर टोचतात. छातीत जिथे जंतूंशी मारामारी चालू असेल, तिथे ती जास्त खपते आणि फोटोत तो भाग उजळतो. टोचल्यावर तासभर गप्प पडायचं. मी! शेजारच्या खुर्चीत अंजूर गावची धोंडूबाई, तीही टोचून घेतलेली. तिला सहज विचारलं, गोदामाला जमीन कितीला दिलीस? तीच दटावायला लागली, "गप ऱ्हा ना बाय, बोलाचा न्हाय सांगितलाय!"

मी कुठली गप्प राहते.

फोटोत माझा गळा नुसता पेटलेला. डॉक्टरीणबाई हसल्या, "बोललात ना? बोलणारे स्नायू साखर खातात." पण डाव्या छातीत वरच्या बाजूलाही एक ठिपका होता. मी घाईने म्हटलं, "तोही बोलण्यानेच."

"फुप्फुस बोलत नाही, मॅडम."

जखम भरत असली तरी उजळतं आणि जंतू जिवंत असले तरी उजळतं. माझ्यात यातलं काय, ते आज त्यांनाही सांगता येत नाही. अभ्यास त्याचाच चाललाय. थुंकी साफ आहे, बाळापाशी खुशाल जा, असं त्यांनी दोनदा बजावलं. मला दोनदाही पुरलं नाही.

बॅग भरून तयार आहे. रोज उघडते, दुपट्यांच्या घड्या मोडते, पुन्हा घालते. तू लगेच "ये" म्हणशील. तुझं "ये" मला नकोय. तू भाऊ आहेस, बहिणीला नाही म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही. हे पत्र मेघालीला वाचायला दे आणि तू तिथून ऊठ. तिने बोलावलं तर मिळेल त्या गाडीने निघेन. "आत्ता नको" म्हणाली, तर तिला एका शब्दाने बोलू नकोस. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मेघालीच्या उत्तराची वाट पाहणारी,
तुझी धम्मदिनाताई