ॲडव्हर्बपाशी

उंब्रज,
१८ नोव्हेंबर १९७४

ती. दादास,

अंजनाचा नमस्कार. पत्रात आधी खुशाली लिहायची असते, म्हणून लिहिते: म्हैस बरी आहे.

कुपवाडच्या कारखान्यात तुला कायम केल्याचं भाऊसोकाकांकडून कळलं. आई कितीतरी दिवसांनी हसली.

आप्पांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळवलं होतंच. वाचा गेली. आईचं नाव येत नाही, पाणी मागता येत नाही. शाळेत जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं, तेवढं मात्र राहिलं आहे. ताटावर बसवलं की सुरू होतात, "नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब." मग "ॲडव्हर्ब?" असं विचारतात आणि उंबऱ्याकडे बघत राहतात. पुढं घास घेत नाहीत.

मास्तरांची लेक असून मला चौथीनंतर घरी बसवलं. मी काय उत्तर देणार? शेजारचे जैनुद्दीनभाई आप्पांच्याच हाताखाली शिकलेले. ते उंबऱ्यात उभे राहून बरोबर सांगून गेले. आप्पांनी तोंड फिरवलं.

"त्यास्नी उत्तर नगं हाय गं," भाई बाहेर आल्यावर म्हणाले. "तुजा दादा पायजे, कृष्णात."

उंबऱ्यात कोण उभं असायचं, कुठल्या शब्दाला अडायचं, ते तुला सांगायला नको. आप्पांची थप्पड बसली त्या संध्याकाळी तुझ्या डाव्या कानातलं रक्त मीच माझ्या परकरानं पुसलं होतं.

त्यांना माफ कर असं म्हणणार नाही. मलाही ते जमलेलं नाही. त्यांच्यासाठी मी हे पत्र लिहिलंच नसतं.

पण आई त्यांच्या आधी कधी जेवली आहे का? आप्पांना मी चमच्यानं दूध पाजते, ते तिला पटत नाही. "दूध म्हंजे जेवान न्हवं. त्येंनी घास घेतला न्हाई, मी कशी खाऊ?" म्हणते. काल चुलीपुढं कोसळली. उचलली तर हाताला नुसती हाडं लागली. डॉक्टर म्हणाले, आप्पा अजून बरेच दिवस काढतील, आईचं सांगता येत नाही.

ये. उंबऱ्यात उभा राहा. येईल ते बोल, चुकलं तरी चालेल. ऐकू येणारा कान त्यांच्याकडे कर. तो उजवा हात आता उठत नाही.

आईच्या ताटापाशी बसलेली,
तुझी अंजना