मेलेल्या सभासदाचा वाटा

४ डिसेंबर
आमच्या मासेमार संस्थेची सभा. सचिव म्हणून विषय मीच मांडला. स्वतःचं सॉफ्टवेअर सोडून जिल्हा संघाच्या सामायिक सॉफ्टवेअरमध्ये जायचं. संस्था एवढीशी, पण सर्व्हर, दुरुस्ती, दरसालचं नूतनीकरण, खर्च मोठ्या संस्थेइतकाच. संघात तोच सगळ्यांत विभागतो. वाचलेल्या पैशात तलावात मत्स्यबीज जास्त सोडता येईल. अध्यक्ष शामराव म्हणाले, "म्याडम, एका गंजात शंभर जनाचा भात सस्ता पडते. समजलं आमाले." ठराव एकमताने.

११ डिसें.
संघाने आमची सभासद-यादी चढवली. चार नावं परत. चारही मयत.
आमच्याकडे माणूस गेला तरी त्याचा वाटा बायकोला मिळतो, ती असेपर्यंत. जुनी रीत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी वेगळा रकाना होता. संघाच्यात नाही. मयत म्हणजे खातं बंद, आणि विक्रीचे पैसे आता तेच यंत्र सरळ खात्यात वाटतं.
हे आधी विचारायचं माझं काम होतं.

१२ डिसें.
संघाच्या इंजिनीअरला फोन. नम्र माणूस. "मॅडम, एकेका संस्थेसाठी बदल करत बसलो, तर स्वस्त कसं पडेल? सगळ्यांनी मागितलं तर करू." बरोबर आहे. सभेत मीच हे सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत.
शेजारच्या दोन संस्थांना विचारलं. त्यांच्यातही ही रीत होती. संघात गेल्यावर बंद पडली. कुणी तक्रार केली नाही म्हणे. कोण करणार?

१९ डिसें.
जाळं ओढलं. मासळी बरी. चौघींच्या खात्यात काही नाही. शामरावांनी आपल्या हिश्शातले मासे त्यांना दिले. तिघींनी पदर पुढे केला. चौथी, मयत नामदेवची बायको कौसाबाई. तिने केला नाही.
"भाऊजी, तुमच्या लेकरायले चारा. मले माहा वाटा पायजे."
"घे ना वं, आपलेच हायेत."
"तुमचे हायेत. माहे कुठं?"
गेली. कुणी हाक मारली नाही. मीही नाही.

२० डिसें.
शामरावांचा तोडगा: नामदेवला जिवंत दाखवा. "कॉम्प्युटर का तलावावर पाहाले येते?" मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही. तेवढ्यात कौसाबाईच आली. तिने ऐकलं होतं.
"नोको जी. म्या कुंकू पुसलं त्याच्या नावानं. आता त्याले काहून जगवता?"
शामराव उठून गेले. मग ती हळूच म्हणाली, "बाई, तुमाले भेटते ना साहेबाची पेन्शन?"
भेटते. ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली. दर महिन्याला, न मागता. सरकारी नोकरांच्या विधवा पुष्कळ. आमच्यासाठी रकाना आहे.
एवढंच म्हटलं, "हो." ती मान हलवून निघाली.

२८ डिसें.
शामरावांशी बोलले, जुन्याकडे परत जाऊ. म्हणाले, "पोट्टे नाही आयकत. बीज कमी पडन. चौघीसाठी सगळ्यायनं काहून भरावं, असं इचारून राहिले." त्यांचीही पोटं आहेत. मतदान झालं तर ठराव पडेल.
तरी परत जायचा ठराव लिहायला बसले. ‘आपली संस्था लहान आहे, हे सभेस मान्य आहे. तथापि…’