'क्वीन एस्थर'वरचा उमेदवार

२ मे, सकाळ
उमेदवारी जाहीर केली. आमच्या गावाची, आयलंड हार्बरची जागा. अपक्ष. पक्षात जाणं माझ्या स्वभावात नाही. पक्षांनी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी; विचारलं असतं तरी नाहीच म्हणालो असतो. आयुष्यभर इथल्या शाळेत कॅरिबियनमधल्या आमच्या या ब्रिटिश बेटाचा, अँग्विलाचा, इतिहास-भूगोल शिकवला. निम्मे मतदार माझ्या हाताखालून गेलेत. त्यातल्या बऱ्याच जणांना नापास केलंय, पण माणसं एवढं कुठे लक्षात ठेवतात!

बायकोला बातमी दिली. इस्मे म्हणाली, बरं, पण आधी पाण्याचं टाकं साफ करा.

उद्या करीन.

४ मे
विरोधात व्हर्निस लेक. बेकरीवाली! जाहीरनामा एका पानाचा: रस्ता, धक्क्याची दुरुस्ती, दवाखान्याला डॉक्टर. इतिहासाचा एक शब्द नाही. माझा जाहीरनामा एका ओळीचा, पण विचार बघा. बेटाला संपूर्ण स्वातंत्र्य, खर्च लंडनने करावा.

संध्याकाळी माझी पहिली सभा. त्याच वेळी बाईने गरम जॉनी केक, म्हणजे आमचे तळलेले पाव, काढले. सगळं गाव तिकडे रांगेत. माझ्याकडे तीन श्रोते, त्यातली एक शेळी. ती मात्र शेवटपर्यंत थांबली.

५ मे
पोस्टर छापून आलं. फोटोत मान दिसत नाही, हनुवटीखाली थेट टाय. वजन उतरवायचं. आजपासून भात बंद.

५ मे, रात्री
इस्मेने तुरीचे दाणे घालून भात केला होता. अन्नाचा अपमान नको म्हणून घेतला. उद्यापासून.

९ मे
तीस मेचं भाषण लिहायला घेतलं. अँग्विला डे, सगळं बेट सँडी ग्राउंडच्या किनाऱ्यावर लोटतं. लोटतं ते शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठी, पण कान सोबत आणतातच.

विषय: आमची क्रांती. १९६७ साली निम्मं जग गोऱ्यांना हाकलत होतं. लंडनने आम्हाला शेजारच्या सेंट किट्स बेटाच्या ताब्यात दिलं होतं; आम्ही तिथल्या पोलिसांना विमानात बसवून घरी पाठवलं आणि लंडनला कळवलं, आम्हाला तुमच्याच हाताखाली ठेवा. लंडनवाले मुळात मंद. दोन वर्षांनी त्यांनी सैन्य धाडलं! सैनिक बंदुका रोखून किनाऱ्यावर उतरले, तर समोर फोटो काढणारे पत्रकार. मी तेव्हा लहान होतो. एका सैनिकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिलो. तो चपापला. हे भाषणात घालणार.

इस्मेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सासूबाई तर सांगायच्या की तुम्ही दिवसभर टाक्यात लपला होता. आईला शेवटी शेवटी काही आठवत नसे. इस्मे पुढे म्हणाली, टाक्याचा विषय निघालाच आहे तर साफ कधी करताय?

१४ मे
सभा रद्द. कारण बोटी. दुसरं कारण या बेटावर असतं का? नदी नाही, डोंगर नाही, विचार तर नाहीच. शेंबडं पोरसुद्धा शिडांवर वाद घालतं. आणि शर्यत तरी कसली! वाऱ्याच्या तोंडावर जाताना बोट कलंडू नये म्हणून तिच्यात वाळूच्या गोण्या भरायच्या आणि दोन-चार जाडजूड माणसं बसवायची. वारा पाठीशी आला की हे वजन नकोसं होतं. मग गोण्या समुद्रात. तरीही मागची बोट जवळ आली तर माणसंही समुद्रात! कप्तान ज्याच्याकडे बघेल त्याने निमूट उडी मारायची. बघ्यांच्या मोटरबोटी वेचून घेतात. याला आमच्याकडे राष्ट्रीय खेळ म्हणतात. सुशिक्षिताने यात पडू नये.

२० मे
अखेर गावाला जाग आली! इस्मेचा भाचा ओझविन गम्ब्स घरी आला. गावाच्या 'क्वीन एस्थर'चा कप्तान. तीस तारखेला आमच्या बोटीत याच म्हणाला. विचारलं, दोर ओढू? नको म्हणाला. सुकाणू? छे. मग करायचं काय? तर म्हणाला, आतोबा, तुम्ही नुसतं बसायचं.

याला मान म्हणतात. व्हर्निसला कुणी बोलावलं का?

जाता जाता बजावून गेला, तोवर भात सोडू नका. पोरगा मायाळू आहे. इस्मेने विचारलं, अजून पोहता येतं ना? बायकांना राजकारण कळत नाही.

२९ मे
सगळं ठरलं. सूट, टाय, बूट. भाषण आतल्या खिशात. बोट जिंकणार, गाव मला खांद्यावर घेणार, तिथूनच भाषण. टाकं निवडणुकीनंतर.

३१ मे
कालचं लिहायचं नव्हतं. पण इतिहासकाराने कर्तव्य टाळू नये.

पूर्वेकडे जाईपर्यंत सगळं उत्तम. खलाशांना व्यापारी वाऱ्यांची माहिती दिली. कुणी अवाक्षर काढलं नाही, इतका आदर. पूर्व टोकाच्या स्क्रब आयलंडला वळसा घातला आणि वारा पाठीशी आला. गोण्या गेल्या. सँडी ग्राउंडची बोट मागून चिकटली. ओझविनने माझ्याकडे बघितलं. तो कुणाकडे बघतोय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे समुद्र.

"आतोबा, आता उतरा."

मी म्हटलं, अरे, मी उमेदवार आहे. त्याने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. आमचंच गाव, कड्यावर ओळीने उभं.

"सगळे बघताहेत. तुमच्यापायी गावाची बोट हरली तर मत कोण देईल?"

मुद्दा बिनतोड होता. मी उतरलो. कुणी ढकललं नाही, हा माझा राजकीय निर्णय होता. सूट-बुटासकट. कड्यावर जो जल्लोष झाला तेवढा माझ्या एकाही सभेत झाला नाही.

वेचायला आली ती व्हर्निसची मोटरबोट. मी कुडकुडत होतो. बाईने कोरडा टी-शर्ट दिला. पिवळा, छातीवर 'मत व्हर्निसलाच'. दुसरा नव्हता म्हणे. जॉनी केकही दिला. गरम होता. दोन खाल्ले. भाषणाचा खिशात लगदा.

'क्वीन एस्थर' जिंकली. खांद्यावर ओझविन. पिवळ्या टी-शर्टात मला बघून लोक येऊन हात मिळवत होते. मोठ्या मनाने माघार घेतलीत, म्हणाले.

३० जून
निकाल लागला. व्हर्निस. बोटीत आम्ही जेवढे होतो तेवढीसुद्धा मतं मला नाहीत. ज्यांच्यासाठी उडी मारली त्यांनीही दिलं नाही. वाईट वाटलं.

इस्मेला विचारलं, तू तरी? ती म्हणाली, मत गुप्त असतं. मग म्हणाली, टाकं साफ करायला व्हर्निस उद्या माणूस पाठवतेय.

संध्याकाळी ओझविन आला. ऑगस्टच्या शर्यतीला याल का? तुमच्यासारखं वेळेवर कुणी उतरत नाही, म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं, अभ्यासू माणसाला असल्या पोरखेळाला वेळ नसतो. विचार करून कळवतो.

जेवताना इस्मेने न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. नको म्हणालो नाही.