तुझ्या नावाचं ताट

प्रिय ठमे,

काल दुपारी तुझा मेसेज आला तेव्हा मी केबल कारच्या रांगेत उभी होते. रविवारी जेवायला येते, आणि या वेळी डबा आणणार नाही. दोनच ओळी. मी त्या चारदा वाचल्या आणि मग तुझ्या आत्याला मोठ्याने वाचून दाखवल्या, तर ती म्हणाली, "वहिनी, आधी पुढे सर. मागचे लोक शिव्या द्यायला लागलेत, भाषा कळत नाही म्हणून बरं." मी तुझ्या सुपात गुपचूप लोणी घातलं आणि तू ते पाहिलंस, त्याला आता चौदा महिने झाले. तेव्हापासून तू घरी येतेस, आपल्याच टेबलाशी बसतेस, गप्पा मारतेस आणि स्वतःचा डबा उघडून जेवतेस. मी वाढायचा चमचा हातात घेऊन उगाच उभी असते. त्यामुळे त्या दोन ओळींनी मला काय झालं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण फोनवर मी मधेच हसते आणि विषय बदलते. लिहून झालं की पानांचे फोटो पाठवीन. इतकं काय काय पाहिलंय की पोटात मावत नाहीये, म्हणून आधी ते सांगू दे.

तर तुझी रजा रद्द झाली आणि आत्याबरोबर या परदेशाच्या सहलीला तुझ्या जागी मी आले. टूरवाल्यांनी नाव बदललं, पासपोर्टचा नंबर बदलला, पण जेवणाच्या रकान्यात 'वीगन', म्हणजे दूध-लोणीसुद्धा नको, अशी तू केलेली खूण मात्र तशीच राहिली. कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. विमानात सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे ताट आलं. मला वाटलं, काय हा मान. झाकण काढलं तर वाटाणे, बटाटे, एक केळं आणि दगडासारखा पाव. आत्याच्या ताटात तोवर केकचा तुकडा येऊन बसला होता. तिने तो माझ्या नाकासमोरून नेला आणि म्हणाली, "भाचीच्या जागेवर बसलीस ना, मग आता भाचीचं जेव." उतरल्यावर आमच्या गाईडने विचारलंसुद्धा, की चूक झाली असेल तर कळवून बदलून घेते. ही गाईड दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघते, म्हणून आत्याने तिचं नाव घड्याळबाई ठेवलंय. मी बदलून घ्यायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही, मी वीगनच आहे." का म्हणाले ते तेव्हा माझं मलाही कळलं नाही. तू गेली तीन वर्षं रोज जे करतेस ते दहा दिवस करून बघावं, असं काहीतरी डोक्यात असेल.

पहिले तीन दिवस दुधाच्या चहावाचून माझं डोकं असं दुखलं की तुझ्या नावाने मी खडे फोडले. पण ठमे, चौथ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली आणि समोर सगळी लाल कौलांची छपरं, त्यांच्यामधून वर आलेला घड्याळाचा मनोरा, खाली दगडी रस्त्यावरून सायकलवर निघालेली एक म्हातारी, तिच्या टोपलीत फुलकोबीचा गड्डा. मी हातात काळा चहा घेऊन तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे, आणि कप खाली ठेवल्यावर लक्षात आलं की डोकं दुखत नाहीये. त्या मनोऱ्याच्या दोनशे अकरा पायऱ्या मी चढले. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. आमच्या गटातले निवृत्त बँकवाले काका ऐंशीव्या पायरीवर बसले, मी वर जाऊन त्यांना हात केला.

आणि मला इथे एक भलताच नाद लागलाय. दुकानांमधली लेबलं वाचायचा. वीस वर्षं औषधांच्या काउंटरवर मुंगीएवढी अक्षरं वाचून डोळे घालवले, ते इथे कामी आले. फोन पाकिटावर धरला की तो आपल्या भाषेत सांगतो. बटाट्याच्या कापांत दुधाची भुकटी. पावात दुधाची भुकटी. मोहरीच्या चटणीतसुद्धा मध. मी फडताळापुढे उभी राहून एकेक पाकीट बाद करत असते आणि घड्याळबाई दारातून मनगट दाखवत असते. आता गटातले बाकीचेही माझ्याकडे पाकिटं घेऊन येतात, कोणाला साखर चालत नाही, कोणाला शेंगदाणे. परदेशात येऊन मी पुन्हा काउंटरच उघडलंय. एका दुकानात चॉकलेटवर शेवटी काहीच आक्षेपार्ह सापडलं नाही तेव्हा मी अशी किंचाळले की दुकानदारीण धावत आली.

पाचव्या दिवशीची मजा तर ऐकच. नदीकाठच्या एका गावात एका बाईची खानावळ होती, चार टेबलं, तीच रांधते आणि तीच वाढते. फोनची बॅटरी संपलेली. तिला कसं सांगायचं? मांस नको, हे मी हात हलवून सांगितलं. दुधासाठी आत्या पुढे सरसावली, तिने डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली, हंबरली आणि मग नाही नाही अशी मान हलवली. अंड्यासाठी कोंबडी झाली. मधासाठी ती त्या चार टेबलांमधून गुं गुं करत फिरली, सत्तावन्न वर्षांची बाई, गळ्यात कॅमेरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खानावळवालीने डोळे पुसले, माझं मनगट धरलं आणि मला सरळ आत स्वयंपाकघरात नेलं. तिथे तिने एकेक गोष्ट माझ्यासमोर ठेवली. तेलाची बाटली. कांदे. वाफवलेल्या शेंगांचं भांडं, त्याचं झाकण काढून. मिठाचं मडकं. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की मगच ते कढईत. लोण्याचा डबा मागे होता, तो तिने उचलून पार खिडकीत नेऊन ठेवला, मला दिसेल असा. इतकं चविष्ट मी या अख्ख्या प्रवासात खाल्लं नाही. आत्याने आपलं ताट सोडून माझ्यात हात घातला.

रोज नाश्त्याला बँकवाले काका मला न चुकता विचारायचे, "पण ताई, प्रोटीनचं काय?" पहिल्यांदा मला हसू आलं, कारण बरोबर याच सुरात मी तुला तीन वर्षं विचारत आले. तू द्यायचीस तीच उत्तरं मी त्यांना द्यायचे. डाळी, शेंगा, दाणे. एकदा ते म्हणाले, "ठीक आहे, पण थकवा येत असेल." मी म्हटलं, "काका, ऐंशीव्या पायरीवर कोण बसलं होतं?" तेव्हापासून त्यांनी माझ्याशेजारची खुर्ची सोडली आहे. तुला हे सगळं किती एकटीने ऐकावं लागलं असेल, आणि तेही घरातल्या माणसांकडून, हे मात्र मला त्या खुर्चीवर बसल्यावरच समजलं.

आता परवाचं सांगते. डोंगरातल्या एका मोठ्या उपाहारगृहात घड्याळबाईने वाढप्याला माझ्यादेखत सगळं समजावून सांगितलं. वयस्कर, प्रेमळ माणूस, माझ्या वडिलांसारखे पांढरे कल्ले. त्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला. सूप आलं, गरम, सुरेख. दोन चमचे घेतले आणि जिभेला कळलं. आठवडाभर नसलं की ते फार पटकन कळतं. मी आत्याला चाखायला दिलं, ती म्हणाली, "लोणी आहे ग." घड्याळबाईने त्याला बोलावून विचारलं. तो लाजला, मग चिमटीने एवढंसं दाखवलं आणि हसून काही तरी म्हणाला. तिने सांगितलं, तो म्हणतोय, बाई दमलेल्या दिसल्या, बाहेर थंडी आहे, थोडं घातलं तर अंगाला लागेल, त्यांना कळणारही नाही. बघ, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आत्याही म्हणाली, "जाऊ दे ना वहिनी, एवढ्याशा लोण्याने काय होतंय." आणि मला असा संताप आला की मी खुर्ची मागे ढकलून बाहेर जाऊन उभी राहिले. समोर बर्फाचा डोंगर उन्हात झळकत होता, लोक फोटो काढत होते. माझा राग लोणी पोटात गेलं म्हणून नव्हता. मी काय खाते ते मी सांगितलं होतं, त्याने हो म्हटलं होतं, आणि मग माझ्या भल्याचं म्हणून मला न विचारता परस्पर ठरवून टाकलं होतं. आत्या माझी शाल घेऊन बाहेर आली. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी पोरीने भांडं धुऊन पालथं घातलं आणि निघून गेली. तेव्हा मी तुला फोन करून हेच म्हटलं होतं ना, एवढ्याशा लोण्याने काय होतंय?" तिने शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि दोन्ही टोकं घट्ट ओढली.

तिथून खाली आलो, केबल कारच्या रांगेत लागलो, पण वाऱ्यामुळे ती बंद झाली. म्हणून काल पुन्हा त्याच रांगेत उभे राहिलो आणि तिथे तुझा मेसेज आला. वर गेलो तेव्हा ढग आमच्या पायाखाली होते. आत्या गाणं म्हणत होती. आनंद झाला होता, खरंच सांगते, खूप झाला होता. पण त्या काचेच्या खोलीत लटकताना मला कळून चुकलं की हा आनंद मी असाच घेऊ शकत नाही.

ठमे, तू पाहिलंस ते पहिल्यांदा नव्हतं. तुला वाटतं एकदाच आई चुकली, आणि त्या एका वेळेचं तू मला माफ करून रविवारी येते आहेस. त्याआधी आठ महिने, दर रविवारी, मी तुझ्या जेवणात काही ना काही घालत होते. कधी पीठ मळताना दुधाची भुकटी, कधी भाजीत दही, कधी सुपात लोणी. तुझे केस गळत होते, तू वाळली होतीस, पण ती सबब झाली. त्याच काळात तुझ्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. तू तो नाचवत आणलास आणि म्हणालीस, बघ आई, माझं खाणं बरोबर आहे. मी शाबासकी दिली आणि मनात हसले. त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. वीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाची गोळी न सांगता बदलली नाही, कंपनी वेगळी असली तरी चिठ्ठी दाखवून विचारते, आणि पोटच्या पोरीला विचारलं नाही. तो रिपोर्ट तू आजही लोकांना दाखवतेस, म्हणून तर तुला कळलंच पाहिजे. हवी असेल तर पुन्हा तपासणी करून घे, माझ्याशिवायचं तुझं रक्त कसं आहे ते तुझं तुला कळू दे, आणि माझ्या जिवालाही. बाबांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. हे मी रविवारी तू जेवून उठल्यावर सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, पण मग पुन्हा एकदा तुला न सांगता वाढल्यासारखंच झालं असतं. तू येण्याआधी कळावं म्हणून हे पत्र. स्वयंपाक मी करणारच आहे. तू ओट्याशी उभी राहून एकेक डबा उघडून बघ, दुरून बघ, किंवा या रविवारी येऊच नकोस. मी फोन करून विचारणार नाही.

तुझीच, आणि यापुढे तुला विचारूनच वाढणारी,
आई