रक्त तपासल्याशिवाय भेस्तानचे घर नाही

मी, श्रीमती उज्ज्वला मुकुंद पाटील, वय बावन्न, धंदा शिक्षिका, राहणार भेस्तान, सुरत, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझा भाऊ हेमराज याला याबद्दल शंका आहे. पण दुसऱ्याची बुद्धी जोखायला स्वतःजवळ थोडी असावी लागते.

१. माझे लग्न आत्याच्या मुलाशी झाले. खानदेशातून सुरतेला येताना आमच्या लोकांनी ही रीत भांड्याकुंड्यांबरोबर बांधून आणली. शेत घरात राहते म्हणे. शेत राहिले, आणि थॅलेसेमियाही घरातच राहिला. धाकटा अजिंक्य दर महिन्याला परक्यांचे रक्त घेत नववीपर्यंत पोचला. तो गेल्यावर सासूबाईंनी दोष सुरतच्या पाण्याला दिला, हेमराजने शेजारणीच्या नजरेला.

२. डॉक्टरांनी मला सुरतच्या साडीछपाईच्या भाषेत समजावले. स्क्रीनला एक बारीक भोक पडले की पुढच्या प्रत्येक साडीवर तोच ठिपका. रक्तातली चूकही अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरते. एका बाजूने आली तर दुसरी बाजू झाकून घेते. दोन्हीकडून तीच आली तर झाकायला कोणी उरत नाही. हे मला कळले, छपाईच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या हेमराजला कळले नाही.

३. आता त्याला आपली मुलगी धनश्री माझ्या थोरल्या गोपालला द्यायची आहे. गोपालच्या रक्तात ती चूक आहे, तपासून घेतले आहे. धनश्रीचेही तपास, म्हटले, तर म्हणतो, "आपलं रगत चोखं शे, ताई. पोरीचं रगत तपासलं असं गावात कळलं तर तिला करील कोण?"
"तू तर माझ्याच घरी देतोयस ना?"
"मग तपासायचं कशाला?"
असा माणूस जातपंचायतीत सल्ला देतो.

४. सबब, घर गोपालला मिळावे. पण लग्नाआधी त्याने वधूचे रक्त तपासून घ्यावे, मग ती धनश्री असो वा कोणी. दोघांत तीच चूक निघाली तर हे लग्न होऊ नये. न तपासता किंवा चूक निघूनही केले तर घर विकून पैसे अजिंक्यला रक्त देणाऱ्या रक्तपेढीला द्यावेत.

५. माझे दागिने धनश्रीला, विनाअट. तिने गोपालशी लग्न करो, दुसऱ्याशी करो, न करो.

६. हेमराजला गोपाल-धनश्रीच्या जुळवलेल्या पत्रिका. बत्तीस गुण आहेत. माझ्या लग्नातही तेवढेच होते.

साक्षीला हेमराजलाच बोलावले आहे. घर गोपालला, म्हणजे आपल्या होणाऱ्या जावयाला जाणार, एवढेच त्याने ऐकले आहे. कागद वाचण्याची त्याला सवय नाही.

वरील मजकूर माझ्या हातचा व माझ्या मनातला आहे.

सही: उज्ज्वला मुकुंद पाटील
भेस्तान, सुरत. दि. ११ ऑगस्ट १९९६

साक्षीदार:
१) हेमराज बळीराम पाटील
२) धनश्री हेमराज पाटील. पूर्ण वाचून सही केली. आत्या, उद्या सकाळी तपासणीसाठी रक्त द्यायला जाते. गोपालला सोबत पाठव, बाबांना नको.